कन्हानची लांब रोटी आणि विश्वाचा पहिला क्षण

नागपूरहून परत आल्याला महिना होत आला, तरी रत्नागिरीत भेटणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, ‘‘संत्री आणलीत?’’ आणली. एक करंडी भरून आणली. निम्मी वाटेत गाडीतल्या माणसांना दिली, उरलेली आळीत वाटली, संपली. आता कृपा करून संत्र्यांचं कुणी विचारू नये. मला सांगायचं आहे ते एका रोटीबद्दल, त्या रोटीवरून ब्रह्मांडाबद्दल आणि ब्रह्मांडावरून मौद्याच्या शाळेतल्या एका खोलीबद्दल. हसू नका. याच क्रमाने सांगितलं तर कळेल.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. इतकी वर्षं शिकवते आहे की तेच तेच बोलून माझं मलाच कंटाळवाणं व्हायला लागलं होतं. तेवढ्यात ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास विश्वाच्या जन्माबद्दल एक नवी कल्पना निघाली. इंग्रजीत तिला ‘इन्फ्लेशन’ म्हणतात, मी महाविस्तार म्हणते. मिळतील तिथून लेख मागवून मी ती वाचली आणि चक्क झपाटले. घरात भाजी करपायला लागली. शेवटी एका मासिकात मराठीतून लेख लिहिला आणि वाटलं, आता पत्रांचा पाऊस पडणार. एक पत्र आलं. एक! नागपूरपलीकडच्या मौद्याहून, हायस्कूलमधल्या रामाजी बावणे नावाच्या शिक्षकांचं. त्यांनी लिहिलं होतं, ‘आपला लेख तीनदा वाचला. दोनदा समजला नाही. तिसऱ्यांदा समजल्यासारखे वाटले, म्हणून काळजी वाटते. आपण येऊन सांगाल काय?’

असं पत्र आल्यावर घरी कोण बसेल? जानेवारीत निघाले.

नागपूर

बावणे गुरुजी स्टेशनवर घ्यायला आले होते. शिडशिडीत माणूस, पांढरा सदरा, कानावरून घट्ट गुंडाळलेलं मफलर. मी समुद्राकाठची, आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा एक नंबरावर. अंगावर एक पातळ शाल घेऊन मी तिथे उतरले आणि दात वाजायला लागले. गुरुजींनी मफलर सोडलं आणि माझ्या हातात ठेवलं. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाले, ‘‘घ्या जी मॅडम. आमाले सवय हाय. तुम्ही आजारी पडल्या तर मंग मी कोणाचं तोंड पाहू?’’

थंडीवर उतारा म्हणून त्यांनी मला एका टपरीवर नेलं आणि तर्री-पोहे मागवले. पोह्यांवर वाटीभर लालभडक रस्सा ओततात, ती तर्री. आमच्या पोह्यांवर नारळ असतो, कोथिंबीर असते, लिंबाची फोड असते. माणूस पोहे खातो आणि पुन्हा कामाला लागतो. हे पोहे खाल्ल्यावर मी पाच मिनिटं काहीच करू शकले नाही. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. टपरीवाला काळजीने म्हणाला, ‘‘ताई, आज तर जरा फिकीच झाली ना तर्री?’’ देवा रे! आणि लोकांचं म्हणणं असं की ब्रह्मांडाचा आरंभ भयंकर तप्त होता. मी तो अनुभवला आहे.

खाता खाता गुरुजींनी खरी गोष्ट सांगितली. पत्रात ती नव्हती. त्यांच्या शाळेत एक मोठी, उजेडाची खोली आहे. चार वर्षं ते ती विज्ञानासाठी मागताहेत. सूक्ष्मदर्शक, भिंगं, काचेच्या नळ्या असं सगळं सामान त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे आणि मुलं-मुली ओसरीवर बसून प्रयोग करतात. पाऊस आला की प्रयोग बंद. त्या खोलीत मात्र गावच्या सोसायटीची खताची पोती दोन वर्षांपासून ‘तात्पुरती’ पडून आहेत, आणि आता ती खोली कायमची खतालाच द्यायची असं शाळेच्या कमिटीच्या मनात आहे.

‘‘अध्यक्ष दौलतरावजी हायेत. राइस मिलवाले. त्याइले म्हटलं, एकडाव आमच्या पाहुण्या मॅडमचं भाषण ऐका. ते म्हणाले, ठीक हाय, कमिटी घेऊन येतो. विज्ञान म्हंजे काय थे एकडाव मलेबी पाहू दे, मंग खोलीचं ठरवू.’’ गुरुजी बशीकडे बघत म्हणाले, ‘‘म्हणजे मॅडम, सगळं तुमच्या भाषणावर हाय.’’

एवढं ओझं डोक्यावर ठेवायचं होतं तर आधी पोटात तर्री तरी ओतायची नव्हती!

मौद्याच्या आधी रंगीत तालीम म्हणून गुरुजींनी नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयात माझं व्याख्यान ठेवलं होतं. संध्याकाळी चाळीसेक माणसं आली. मी तयारीत होते. अडचण काय आहे ते मी आधी सांगितलं, आणि वाचकहो, तुम्हीही ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आपलं विश्व पसरत चाललं आहे, म्हणजे पूर्वी ते लहान होतं, दाट होतं आणि तापलेलं होतं. त्या जुन्या तापाची धग अजून आकाशात उरली आहे. टीव्हीवरचा कार्यक्रम संपला की पडद्यावर मुंग्या नाचतात ना, त्यातल्या थोड्या मुंग्या त्याच धगीच्या. आता गंमत अशी की आकाशाच्या या टोकाकडे बघा नाहीतर बरोबर उलट त्या टोकाकडे बघा, ही धग अगदी सारखी आहे. जगात प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जात नाही. आणि त्या दोन टोकांचा प्रकाश आपल्यापर्यंत कसाबसा आत्ता पोचतो आहे. एकमेकांपर्यंत तर पोचलेलाच नाही. मग ज्यांची कधी गाठभेट नाही, टपाल नाही, तार नाही, त्यांचा ताप एकाच अंशावर आला कसा?

इथवर लोक मन लावून ऐकत होते. मग मी उत्तर सांगायला लागले आणि माझा समुद्र सुरू झाला. भरती, ओहोटी, ओल्या वाळूवरचे लाटांचे वळ, दोन बंदरांतल्या पाण्याचा सारखाच खारटपणा. मला दुसरं सुचतच नाही हो, जन्म तिथे गेला! लोक गप्प. फार सभ्य गप्प. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शेवटी हात वर केला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, ‘‘मॅडम, समुद्र म्हंजे आपल्या अंबाझरी तलावासारखाच ना? फक्त मोठा?’’

त्या हॉलमधल्या निम्म्या माणसांनी समुद्र पाहिला नव्हता. मी तासभर त्यांना न पाहिलेल्या गोष्टीवरून न दिसणारी गोष्ट समजावत होते. टाळ्या पडल्या, हार घातला, चहा झाला. गुरुजी ‘छान झालं, छान झालं’ म्हणत होते, पण त्यांचा चेहरा पडला होता. मला रडू यायचंच बाकी होतं.

कन्हान

दुसऱ्या दिवशी मुक्काम कन्हानला, गुरुजींच्या थोरल्या बहिणीकडे. सुभद्राबाई त्यांचं नाव. यजमान कोळशाच्या खाणीत कामाला. गावातल्या झाडांच्या पानांवर बारीक काळी पूड बसलेली असते, आणि तिथून थोडं चालून गेलं की एकदम नदीचं रुंद, पांढरंशुभ्र पात्र. वाळूत लोकांनी डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, वेल लावले होते. प्रत्येक वेलाला गवताचा छोटासा आडोसा. नदी म्हणजे पाणी अशी माझी समजूत. इथे नदी म्हणजे वाळू, आणि वाळूत शेती, आणि एका कडेने लाजत चाललेलं थोडंसं पाणी. कोकणातल्या नदीला एवढी जागा मिळाली असती तर ती वेडी झाली असती.

सुभद्राबाई उंच, दणकट, आवाज खणखणीत. मला बघून पहिलं वाक्य, ‘‘काहून वं बाई, एवढ्याशा शालीत आल्या? घरी कोणी सांगणारं नाई का?’’ आणि भावाकडे वळून, ‘‘रामा, का करून राहिला गा? पाहुणीले उन्हात खाट टाकून दे ना!’’ दहा मिनिटांत मी उन्हातल्या खाटेवर होते. हातात चहा होता आणि कालच्या फजितीची सगळी हकिगत मी त्यांना सांगून मोकळी झाले होते.

दुपारी त्यांनी लांब रोटी केली. ही मी पहिल्यांदा पाहिली, म्हणून जरा सविस्तर सांगते. गव्हाचं पीठ पातळ कपड्यातून गाळून घेतात. मीठ आणि पाणी घालून ते इतकं सैल भिजवतात की मला वाटलं, बाईंचं पाणी जास्त झालं. मग ते परातीत आपटत, ओढत, पुन्हा आपटत मळतात, दंड भरून येईस्तोवर. चुलीवर तव्याच्या जागी मडकं, तेही पालथं. आणि मग पेढ्यापेक्षा थोडा मोठा गोळा हातावर घेऊन त्या या हातावरून त्या हातावर झेलायला लागल्या. गोळ्याची पुरी झाली, पुरीची पोळी, पोळीचा रुमाल. झेलता झेलता ती कोपरापर्यंत पसरली आणि अशी पातळ झाली की तिच्यातून मला चुलीचा जाळ दिसत होता. झपकन ती मडक्यावर गेली. ना लाटणं, ना पोळपाट. आमच्याकडे हाताने भाकरी थापणारीला हुशार म्हणतात. हिला काय म्हणावं?

पाटवडीचा रस्सा आणि ती रोटी माझ्या ताटात आली. मी एका कडेचा तुकडा खाल्ला, मग दुसऱ्या कडेचा, आणि घास तोंडात तसाच राहिला.

‘‘सुभद्राबाई, या टोकाला मीठ आहे तेवढंच त्या टोकाला आहे.’’

‘‘असनच ना. काहून?’’

‘‘दोन्ही टोकं एवढी लांब आहेत एकमेकांपासून!’’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हिला कॉलेजात शिकवायला घेतलं तरी कोणी. ‘‘आता लांब हायेत. गोळा होता तवा थोडीच लांब होती? मीठ गोळ्यातच मळलं मी. रोटी ताणल्यावर कोणी मीठ घालते का, बाप्पा!’’

मी ताडकन उठले. रश्श्याची वाटी लवंडली, लुगड्यावर लाल पूर आला, गुरुजी ‘मॅडम, मॅडम’ करत धावले. मला काही सुचत नव्हतं. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत ज्या कोड्याचं उत्तर शोधायला माणसं पानंच्या पानं गणित मांडतात, ते उत्तर या बाईने चुलीपुढे बसून चार वाक्यांत दिलं होतं. महाविस्तार म्हणजे नेमकं हेच! आकाशाची ती दोन टोकं आज लांब आहेत. पण अगदी आरंभी, ताणण्याच्या आधी, ती एकाच इवल्या गोळ्यात एकमेकांना चिकटून होती. ताप तेव्हाच सारखा मळला गेला. नंतर तो गोळा इतक्या झपाट्याने ताणला गेला, की टोकं कुठल्या कुठे गेली आणि चव मात्र तीच राहिली.

किती झपाट्याने? एका सेकंदाचे कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा कोटी. असं पाच वेळा करा. साधारण तेवढ्या अवधीच्या आसपास हा खेळ सुरू होऊन संपला, असं म्हणतात. तेवढ्यात ते इवलं विश्व दुप्पट झालं, दुपटीचं दुप्पट झालं, निदान ऐंशी-नव्वद वेळा. आज आपल्याला दिसतं ते सगळं आकाश आधी अणूच्या गाभ्याहून अब्जावधी पटींनी लहान होतं, ते हा झपाटा संपला तेव्हा एखाद्या संत्र्याएवढं झालं. (घ्या, आलं शेवटी संत्रं!) लिंबाएवढं की संत्र्याएवढं यावर हिशोब करणाऱ्यांचं अजून एकमत नाही. त्यानंतर झपाटा ओसरला, ताणणारी ती शक्ती उष्णतेत आणि पदार्थात उतरली, आणि मग पुढचा सगळा पसारा सावकाश, आजतागायत चालूच.

गुरुजी माझ्याइतकेच पेटले होते, पण शिक्षक तो शिक्षक. ‘‘मॅडम, पण प्रकाशापेक्षा वेगानं काहीच जात नाई म्हणता, मंग हे टोक एवढ्या लवकर तिकडे गेलं कसं?’’

‘‘रोटीवर एक मुंगी सोडा,’’ मी म्हटलं. ‘‘ती आपल्या चालीनेच चालणार. पण पायाखालची रोटीच ताणली गेली तर? मुंगीने नियम मोडला का? तसं, अवकाशातून कुणी धावलं नाही. अवकाशच ताणलं गेलं.’’

‘‘माह्या रोटीवर मुंगी सोडू नका,’’ सुभद्राबाई म्हणाल्या.

मग त्यांनी दुसरी रोटी उन्हात धरून मला आणखी एक गोष्ट दाखवली. मी विचारली नव्हती. त्या आपल्या पिठाची तक्रार करत होत्या. रोटीत इथेतिथे बारीक तपकिरी ठिपके होते. कोंड्याचे कण. ‘‘पीठ कितीबी गाळा, एखादा कण राहतेच. गोळ्यात दिसत नाई. ताणलं का दिसते.’’

अगो बाई! इथे तर कहरच झाला. कारण महाविस्ताराचं दुसरं म्हणणं हेच आहे. आरंभीचं विश्व गुळगुळीत होतं, पण पूर्ण गुळगुळीत राहणं निसर्गालाच जमत नाही. अतिसूक्ष्म पातळीवर त्यात सतत बारीक चुळबूळ चाललेली असते. ती कितीही गाळली तरी जात नाही. ताणताना ती चुळबूळही ताणली गेली. कुठे तिळभर दाट, कुठे तिळभर विरळ. जिथे दाट, तिथे पुढे पदार्थ गोळा होत गेला आणि तारे झाले, दीर्घिका झाल्या, पृथ्वी झाली, आणि पृथ्वीवर माझ्या लुगड्यावर रस्सा सांडला.

‘‘सुभद्राबाई,’’ मी त्यांचे पिठाचे हात धरले, ‘‘उद्या मौद्याला चला. सगळ्यांसमोर अशीच रोटी करा.’’

‘‘सभेत? मी? बह्याड झाल्या का बाई?’’ त्या खो खो हसल्या. मग भावाकडे नजर गेली. गुरुजी आशेने त्यांच्याकडेच बघत होते. सुभद्राबाई म्हणाल्या, ‘‘याच्या खोलीसाठी म्हणता का? मंग येतो. पण मडकं माहंच नेईन. दुसऱ्याच्या मडक्यावर माही रोटी होत नाई.’’

मौदा

मडकं मांडीवर घेऊन सुभद्राबाई एसटीत खिडकीशी बसल्या आणि मौद्यापर्यंत त्याला कुणाचा धक्का लागू दिला नाही. बाहेर भात कापून झालेली शेतं, आणि त्या खोडक्यांतच लाखोळी, डाळीचं एक पीक, उगवून आलेली, बारीक निळ्या फुलांनी भरलेली. आमच्याकडे भात कापलं की जमीन पावसाळ्यापर्यंत निजते. इकडची माणसं तिला निजू देत नाहीत.

शाळेत पोचल्यावर गुरुजींनी मला ती खोली दाखवली. दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या, आणि खिडक्यांच्या वरपर्यंत रचलेली पोती. खताच्या उग्र वासाने डोळे चुरचुरले. गुरुजी दारातच थांबले. हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, एक विनंती हाय. रागावू नका.’’

‘‘बोला ना.’’

‘‘दौलतरावजी प्रश्न विचारतीन. त्याइले ‘माहीत नाही’ असं नका म्हणू. मागं मी एकदा असं म्हटलं होतं. तवापासून कमिटीत म्हणतात, मास्तरलेच माहीत नाई तर पोरांले काय शिकवते?’’

मी ‘बरं’ म्हटलं. म्हणताना मला वाटलंसुद्धा नाही की हे अवघड आहे.

व्याख्यान दुपारी चारला, शाळेच्या पटांगणात. मुलं-मुली खाली सतरंजीवर, मागे बायका, बाजूला बाकांवर कमिटीचे पाच जण. मधोमध दौलतरावजी, पांढरी टोपी, हातातली काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे रोवलेली, चेहऱ्यावर काहीही नाही. एका कडेला तीन विटांची चूल आणि तिच्यावर सुभद्राबाईंचं मडकं.

समुद्राचा मी उच्चारसुद्धा केला नाही. गोळा, मीठ, दोन टोकं असं सांगत गेले आणि सुभद्राबाई बाजूला रोटी झेलत गेल्या. ती पसरत कोपरापर्यंत गेली तशी पोरं ओरडायला लागली. ‘‘आता सांगा, या टोकाला आणि त्या टोकाला मीठ सारखं का?’’ म्हटल्यावर मागच्या बायकाच आधी म्हणाल्या, ‘‘गोळा एकच होता ना वं!’’ माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. रोटीला कड असते आणि ती हवेत पसरते, विश्वाला तशी कड आपल्याला ठाऊक नाही आणि ते कशात पसरत नाही, तेच ताणलं जातं, हेही मी बजावलं. आता शेवटचा घाव. मी रोटी उतरत्या उन्हात धरली आणि मोठ्या आवाजात म्हटलं, ‘‘हे बघा, हे ठिपके!’’

एकसुद्धा ठिपका नव्हता.

मी रोटी फिरवली. उलटी केली. स्वच्छ, पांढरी, कोरी. पोरं डोळे ताणून बघत होती. सुभद्राबाईंनी भावाकडे पाहिलं, आणि भाऊ जमिनीकडे बघायला लागला.

‘‘रामा! पिठाले का केलं गा तू?’’

गुरुजी उठून उभे राहिले, वर्गात चूक सापडलेल्या विद्यार्थ्यासारखे. ‘‘सकाळी चारडाव गाळलं, ताई. माह्या धोतराच्या दुहेरी कापडातून. मॅडमच्या हातात कोंड्याची रोटी… पाहुण्याइच्या समोर बरं दिसते का?’’

सगळं पटांगण हसलं. मला आधी संताप आला, आणि मग अचानक इतकं हसू आलं की बोलता येईना. ‘‘लेकरांनो,’’ मी डोळे पुसत म्हटलं, ‘‘देवाच्या कृपेने आरंभीचं विश्व बावणे गुरुजींनी गाळलं नव्हतं! गाळलं असतं तर ते असंच राहिलं असतं, कोरं. ना तारा, ना पृथ्वी, ना मौदा, ना तुम्ही.’’

तेवढ्यात सुभद्राबाईंनी माझ्या हातून रोटी घेतली, तिरकी धरली आणि एका कडेला बोट ठेवलं. ‘‘हा पहा. चारडाव गाळून राहिलाच.’’ राईहून बारीक एक ठिपका. पोरांनी तो बघायला रांग लावली, आणि मग बायकांनीही.

सगळे जागेवर बसल्यावर दौलतरावजींनी काठी हलकेच आपटली. ‘‘बाई, रोटी सुभद्राबाईनं ताणली. थे ब्रह्मांड कोनं ताणलं?’’

उत्तर माझ्याकडे तयार होतं. रिकाम्या वाटणाऱ्या अवकाशात भरून राहिलेली एक शक्ती, जिचं गुरुत्व ओढत नाही तर ढकलतं. तिला भारदस्त इंग्रजी नावसुद्धा आहे. ते नाव जरा जोरात फेकलं असतं तर कमिटी गार पडली असती. गुरुजी माझ्याकडे बघत होते. हात जोडल्यासारखे छातीशी धरलेले. चार वर्षं ओसरीवर शाळा चालवणारा माणूस. आणि समोर दीडशे पोरं, जी मी सांगेन ते खरं मानणार होती.

‘‘एका शक्तीने ताणलं असं म्हणतात, दौलतरावजी,’’ मी म्हटलं. ‘‘तिला नाव दिलंय. पण नाव म्हणजे उत्तर नव्हे. ती काय होती, कुठून आली, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आणि आणखी खरं सांगायचं तर हे ताणणं झालंच, याचा पक्का पुरावासुद्धा अजून हाती आलेला नाही. कोडं त्याने सुटतं, म्हणून आम्हाला ते पटतं. त्या जुन्या धगीत असेच बारीक ठिपके सापडायला हवेत. अजून ते कुणाला दिसलेले नाहीत.’’

गुरुजींनी डोळे मिटले. कमिटीतला एक जण दुसऱ्याच्या कानाला लागला. माझ्या मनात आलं, झालं, एका भल्या माणसाची खोली मी घालवली.

दौलतरावजींनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. ‘‘मंग थे ठिपके पाहणार कोण?’’

‘‘आता शाळेत आहेत त्यांच्यातलं कुणीतरी. आकाशात यंत्र पाठवावं लागेल. दहा वर्षं लागतील, वीस लागतील.’’

‘‘या पोट्ट्याइतलं कोणी?’’

‘‘का नाही?’’

‘‘सोसायटीवाले मले म्हणाले, विज्ञान पुस्तकात छापलेलं हाय, त्याले खोली कायले पायजे? पाठ करा न घरी.’’ ते उठले. कमिटीकडे वळले. ‘‘पण बाई तं म्हणते, अजून अर्धं शोधाचंच हाय. मंग शोधाले जागा नको का? खत माह्या मिलमधे टाका. तिथं शेड रिकामं हाय.’’

एवढं बोलून ते खाली बसले. अध्यक्षीय भाषण तेवढंच.

कार्यक्रमपत्रिकेत पुढे आभारप्रदर्शन होतं, बावणे गुरुजींकडे. ते माइकपुढे आले. खिशातून लिहिलेला कागद काढला, त्याच्याकडे पाहिलं, परत घडी केली. अध्यक्षांचे नाहीत, माझे नाहीत, बहिणीचे नाहीत, कुणाचेच आभार न मानता शेवटी ते म्हणाले, ‘‘उद्या सकाळी सातले सगळे या. पोती उचलायची हायेत.’’

मी साडेसहालाच पोचले, मफलर गुंडाळून. अर्धी खोली तोवर रिकामी झाली होती.